सिकल सेल असलेलं मूल: घरी काय सांभाळायचं, दवाखाना कधी गाठायचा

सिकल सेलच्या मुलाला १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की घरी थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहानपणीच निकामी होत जाते. मग न्यूमोकॉकससारखे जंतू रक्तात शिरले की गोष्ट काही तासांत जिवावर बेतते. पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी आतला संसर्ग थांबलेला नसतो. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स, जिथे मुलाची फाइल आहे त्या दवाखान्यात जा आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच सांगा: “एसएस पॅटर्न आहे (म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचा जनुक आलेला) आणि ताप आहे.” रक्त कल्चरला, म्हणजे जंतू शोधायच्या तपासणीला, काढून अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला हवं, रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. पाच वर्षांपर्यंत डॉक्टर पेनिसिलीन रोज दोन वेळा देतात (तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम, पुढे २५०). तो एकही दिवस चुकवू नका.

पाणथरी तपासायला आईने शिकूनच घ्यावं. मुलाला उताणं झोपवा, गुडघे वाकवा. बोटं सपाट ठेवून बेंबीपासून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरका. काठ लागला तर तो बरगडीच्या किती खाली आहे ते आइस्क्रीमच्या काडीवर खूण करून ठेवा. काठ अचानक खाली आला आणि मूल पांढरं पडून मलूल झालं, तर रक्त पाणथरीत अडकतंय. अशा वेळी एक तासही दवडू नका, १०८ला फोन करा.

आता पाणी. साधारण २० किलोच्या मुलाला दिवसाला दीड ते दोन लिटर, मोठ्या माणसाला तीन लिटरच्या आसपास. किडनी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं असेल तर तेवढंच. लघवीच्या रंगावर विसंबू नका. सिकल सेलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे शरीर कोरडं पडलं तरी ती फिकीच दिसते. याच कारणाने ही मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. म्हणून कुणी संध्याकाळपासून पाणी बंद करतं, आणि पहाटे हाडं दुखायला लागतात. पाणी द्या, रात्री एकदा उठवा. शाळेत बाटली जवळ ठेवायची आणि मागेल तेव्हा लघवीला सोडायची लेखी परवानगी घ्या.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, उन्हापासून जपता ते बरोबरच आहे. पण बाहेरून घामाने भिजून आलेलं मूल थेट कुलरसमोर बसलं की गारठ्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथेच पेशी अडकतात. आधी अंग पुसा, कपडे बदला, मग बाजूला बसवा. डिसेंबरच्या थंडीत अंघोळ गरम पाण्यानेच.

दुखणं सुरू झालं तर भरपूर पाणी, गरम शेक आणि किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दर सहा तासांनी. बर्फ लावू नका. एवढ्याने दुखणं आवरलं नाही, छातीत दुखलं, धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला तर घरचे उपाय तिथेच संपले.

“रक्त कमी आहे” म्हणून मेडिकल स्टोअरमधून लोहाचं टॉनिक आणणं ही फार नेहमीची चूक. इथे रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) केल्याशिवाय लोह नको. फॉलिक अ‍ॅसिड चालतं. हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारी गोळी, चालू असेल तर गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर गोळी सोडू नका आणि सांगितलेल्या तारखांना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा.

ऑपरेशन कुठलंही असो, हर्नियाचं का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकल सेलचं स्वतः सांगा. मोठ्या ऑपरेशनआधी बऱ्याचदा रक्त देऊन हिमोग्लोबिन १०च्या आसपास आणतात. उपाशी ठेवण्याच्या वेळेत सलाईन चालू आहे ना, ते विचारा. नंतर आत तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र देतील. त्यात बरेच जण फुंकतात. श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात. जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा, दुखत असलं तरी. पहिल्या दोन-तीन दिवसांत खोकला, ताप किंवा छातीत कळ आली तर राउंडची वाट बघू नका, सिस्टरला तेव्हाच बोलवा आणि ऑक्सिजन मोजायला सांगा.