आधी पुठ्ठ्याचा डबा, मग वूफर: सीएनजीच्या वॅगन आरमध्ये आवाज सुधारताना

अण्णांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला. आता त्यांची बोटं चालत नाहीत. महिन्यातून एकदा त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचं आणि जाता-येता गाडीत अभंग ऐकायचे, हा आम्हा बापलेकीचा ठरलेला क्रम आहे. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला परत येताना, खंबाटकी चढत असताना ते म्हणाले, "अगं, यात पखवाज कुठंय? नुसती उजव्या हाताची टकटक ऐकू येते. डावा हात गायब!"

त्यांचं बरोबर होतं. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, त्यामुळे ती जड होऊन खोल, घुमणारा नाद देते. कंपनीचे कागदी स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाहीत आणि जे थोडंफार पोचतं ते टायरच्या घरघरीत बुडून जातं.

आमची गाडी २०१६ ची वॅगन आर. मागे सीएनजीची टाकी, त्यामुळे डिकीत दोन पिशव्या आणि अण्णांची घडीची काठी एवढंच मावतं. मी ज्या पहिल्या दुकानात गेले तिथल्या फिटरने गाडीकडे एक नजर टाकून सांगितलं की टाकीपुढे दहा इंची वूफरचा, म्हणजे खोल आवाजाच्या मोठ्या स्पीकरचा, खोका आणि मागच्या सीटमागच्या ट्रेवर दोन अंडाकृती स्पीकर, दोन तासांत काम होईल. मी नको म्हणाले. खोका ठेवला तर टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचणार नाही. गॅसचा वास आला तर तो व्हॉल्व्ह बंद करता आलाच पाहिजे. आणि ट्रेवरचे ते जड स्पीकर कचकन ब्रेक दाबला की मागच्या सीटवरच्या माणसाच्या मानेशी येऊ शकतात. छोट्या गाडीच्या ट्रेवर जड काहीही बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

घरी येऊन मी टेप, वही आणि पुठ्ठा घेतला. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीतलं आहे.

आधी काय कमी आहे ते ऐका

ज्या गाण्यांसाठी खर्च करणार, तीच गाणी घेऊन बसा. एकदा गाडी बंद ठेवून ऐका, एकदा साठच्या वेगात ऐका. शब्द स्पष्ट नसतील तर दारातले पुढचे स्पीकर बदला. शब्द नीट असून खालचा भरणा नसेल तर वूफर लागेल. आवाज वाढवला की दार खडखडत असेल, तर आधी दाराचं काम करा, स्पीकरचा तिथे दोष नसेल. मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून यातलं काहीच सुटत नाही, पण बहुतेक लोकांचा पहिला पैसा तिथेच जातो. आमच्या कंपनीच्या स्टिरिओला ब्लूटूथ आहे, तो मी तसाच ठेवला.

बदलायचाच असेल तर स्टिरिओच्या तोंडाची दोन ठरलेली मापं लक्षात ठेवा: सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनचं १८० बाय १००. पण अडचण तोंडाची नसते, खोलीची असते. स्टिरिओच्या मागे वायरींचा गुंता, कपलर (वायरी जोडायचा प्लग) आणि अँटेनाची वायर बसायला तीन-चार सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. सीडी नसलेले स्टिरिओ खोलीला कमी असतात, ते बघा. आणि गाडीच्या मूळ वायरी कापू देऊ नका. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतो, काही शे रुपयांचा. उद्या जुना स्टिरिओ परत लावायचा झाला तर पाच मिनिटांत लागतो.

खोक्यावर ४ गुणिले ५० वॉट छापलेलं असतं, त्यावर हिशेब करू नका. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळाले असं धरा. त्यातून निघणाऱ्या स्वच्छ लहरीचं परिणामी मूल्य (आरएमएस) फार तर १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले ४ ओहम, म्हणजे २६ वॉट. स्टिरिओतल्या ॲम्प्लिफायरच्या चिपमध्ये वाया जाणारं वजा केलं की एका स्पीकरला १८ ते २० वॉट उरतात. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर स्पीकर घेताना 'मॅक्स वॉट' बघू नका, संवेदनशीलता बघा, म्हणजे एवढ्याशा वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ९० डेसिबलच्या पुढचा घ्या.

मोजणी

दारात दोन मापं घ्यायची. पहिलं मागच्या बाजूचं. काच पूर्ण खाली घ्या आणि मगच स्पीकर बसतो त्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. काच वर असताना मोजलं तर माप चुकीचं येतं आणि पहिल्याच टोलनाक्यावर काच खाली घेताना ती चुंबकावर आपटते. माझ्याकडे ६.२ सेंटिमीटर आले, म्हणून मी साडेपाचच्या आतल्या खोलीचा साडेसहा इंची सेट शोधला. दुसरं माप पुढच्या बाजूचं, जाळीपर्यंतचं. तिथे पट्टी घालता येत नाही. मी कणकेचा लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून जुन्या स्पीकरच्या मध्यावर चिकटवला, दाराचं पॅड परत दाबून बसवलं, काढलं आणि चपटा झालेला गोळा मोजला. दोन सेंटिमीटर. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मधोमध वर आलेला सेट तिथे बसला नसता.

सगळ्यात जास्त वेळ सीटखालच्या जागेला द्या. वॅगन आरच्या पुढच्या डाव्या सीटखाली ओढून काढायचा ट्रे असतो. बहुतेकांच्या ट्रेमध्ये जुनी पंक्चरची पावती आणि फडकं पडलेलं असतं. तो काढला की छान सपाट जागा मिळते. सीट सरकते त्या रुळांच्या मधली रुंदी, पुढची-मागची खोली आणि उंची घ्या. उंची एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. कुणीतरी वजनदार माणूस सीटवर बसवा आणि मग मोजा, कारण खालच्या स्प्रिंगा दबतात. रिकाम्या सीटखाली मला १०.५ सेंटिमीटर मिळाले, भाऊ बसल्यावर ९. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून दोन्हीकडे पाहा.

मग बाजारातल्या सीटखालच्या ॲक्टिव्ह वूफरची मापं बघा. यांत ॲम्प्लिफायर आतच असतो, वेगळी जागा लागत नाही. मला पटलेला ३४ बाय २५ बाय ७ सेंटिमीटरचा होता. तो मी लगेच घेतला नाही. तेवढ्याच मापाचा पुठ्ठ्याचा डबा केला, वायरी बाहेर येतात त्या बाजूला ४ सेंटिमीटरचा जास्तीचा तुकडा चिकटवला, आत तांदूळ भरून वजन आणलं आणि आठ दिवस सीटखाली ठेवून गाडी वापरली. तिसऱ्या दिवशी कळलं की मागे बसणाऱ्या आईचे पाय त्या डब्याला लागतात. डबा चार बोटं पुढे सरकवला. पाचव्या दिवशी सीट मागे नेताना वायरींचा तुकडा चेमटला. म्हणजे खरी वायर तिथे चिरडली असती. डबा फिरवून वायरींची बाजू दोन सीटांमधल्या उंचवट्याकडे केली. वूफर फिट झाल्यावर हे कळलं असतं तर परत सगळं उघडावं लागलं असतं.

सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका. ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. वूफर त्यांच्यावर टेकताही कामा नये. आणि पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी कार्पेटखाली साठतं, म्हणून वूफरखाली एक सेंटिमीटरचे रबरी पाय धरूनच उंची मोजा.

वीज आणि वायर

१२० वॉट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या वॉटचा) वूफर, आतला डी वर्गाचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, ॲम्प्लिफायर, कार्यक्षमता साधारण ८० टक्के. १२० भागिले ०.८, भागिले १३.८ व्होल्ट: साधारण ११ अँपिअर, तेही पूर्ण जोरात. एवढा भार सिगारेट लायटरच्या किंवा स्टिरिओच्या वायरीवर टाकायचा नाही. थेट बॅटरीवरून स्वतंत्र वायर आणा. ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर चार मीटर घेतली तर तिच्यात एक दशांश व्होल्टही पडत नाही.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. वर तांब्याचा रंग आणि आत चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मी हे दुकानदारासमोरच खरवडून पाहिलं, त्याने मुकाट्याने दुसरं रीळ काढून दिलं. तिथेच साधा मल्टिमीटरही घ्या.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, वूफरपाशी नको. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्याला मात्र तो वाचवत नाही; तिथे इन्सुलेशन घासून वायर पत्र्याला टेकली तर तो तुकडा तापतच राहतो, म्हणून तो जितका आखूड तितकं बरं. इंजिनाकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या उघड्या भोकातून वायर ओढू नका, रबरी बुचातूनच घ्या. कामाला हात लावण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवा.

सीएनजीवाल्यांनी हे दोनदा वाचा. टाकीपासून इंजिनापर्यंत गॅसची नळी गाडीच्या तळाखालून जाते आणि भरलेल्या टाकीत २०० बारचा दाब असतो. अर्थिंगसाठी किंवा वूफर पक्का करण्यासाठी फिटर सहज फरशीत ड्रिल मारतो. मारू देऊ नका. खालून गाडी वर उचलून नळी कुठून जाते ते पाहिल्याशिवाय तळाला एकही भोक नको. मी वूफर रुळांच्या आडव्या पट्टीला पट्ट्यांनी बांधला, भोक पाडलंच नाही. अर्थिंगला गाडीचाच एक बोल्ट वापरला, रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि वायर हातभर लांबीच्या आत ठेवली. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी कधीच सैल करायचा नाही.

बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने नेली तर स्पीकरची सिग्नल वायर दुसऱ्या बाजूने न्या. शेजारून नेल्या की ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येते. स्टिरिओला आरसीए (ॲम्प्लिफायरला सिग्नल द्यायची गोल खाच) नसेल तरी अडत नाही, ॲक्टिव्ह वूफर मागच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेतो. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या कपलरांत पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली ती ऋण.

दार

खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. दोन मिलिमीटरचे ब्यूटाइल शीट (पत्र्याची थरथर थांबवणारे चिकट रबरी शीट), पत्र्याच्या पाव भागावर लावले तरी पुरे, सगळं दार मढवायची गरज नाही. पत्रा बोटाने वाजवा, जिथे डब्यासारखा वाजतो तिथे लावा. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक छिद्रं असतात, ती झाकली तर साताऱ्या-महाबळेश्वरच्या पावसात दोन हंगामांत दार आतून कुजेल.

वूफर आल्यावर दारातल्या स्पीकरने खोल आवाज ओढू नये. माझ्या स्टिरिओत तशी सोय नव्हती, म्हणून प्रत्येक पुढच्या स्पीकरला ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (धन-ऋण टोकं नसलेला) कपॅसिटर एकसर जोडणीत लावला. ४ ओहमच्या स्पीकरला त्याने ८५ हर्ट्झच्या खालचं हळूहळू कमी होत जातं.

खर्च माझा असा झाला: पुढचे स्पीकर साडेपाच हजार, वूफर तेरा, शीट अडीच, वायर-फ्यूज दोन, मजुरी दीड. एकदम जमणार नसेल तर आधी शीट आणि पुढचे स्पीकर करा, महिनाभर ऐका. काहींना तिथेच समाधान होतं.

जुळवणी

आधी ध्रुवता तपासा. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचं धन स्पीकरच्या धनाला असेल तर पडदा बाहेर येतो. एक दार उलटं जोडलं गेलं तर दोन्ही स्पीकर एकमेकांना खातात. मग वूफरचा लो-पास (त्याच्या वरचा आवाज वूफरकडे न जाऊ देणारी खुंटी) ८० हर्ट्झवर, गेन (वूफर किती जोरात वाजेल ते ठरवणारी खुंटी) शून्यापासून हळूहळू वर. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा, ज्यात पखवाज समोरून आल्यासारखा वाटतो ती जागा ठेवा. सीटखाली वूफर असूनही तो समोर वाटला पाहिजे.

गेन मी मीटरने लावला नाही, अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं. पहिल्या वेळी ते म्हणाले, "कणीक जास्त झालीय, काढ थोडी." पखवाजी माणूस पुडी ढिली, बोजड वाजली की असंच म्हणतो. मी गेन एक चिमूट खाली आणला. "अजून." पुन्हा आणला. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, डोळे मिटून डावा तळवा गुडघ्यावर ठेवला. त्या जागी मी गेनच्या खुंटीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

महिन्याभराने फ्यूजचे आणि अर्थिंगचे स्क्रू पुन्हा आवळा, खड्ड्यांनी ते ढिले होतात. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) आली की टाकी उतरवतात, तेव्हा तुमच्या वायरी कुठून गेल्यात हे तिथल्या माणसाला माहीत असायला हवं. मी वायरींचा नकाशा आणि त्याच अँपिअरचे दोन जास्तीचे फ्यूज एका पाकिटात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आहेत.