खाडीपल्याडचे दोन दिवस: मनोरीला निघण्याआधी

मनोरी मुंबईतच आहे. मालाडला उतरायचं, बस किंवा रिक्षाने मार्वे गाठायचं, बोटीत बसायचं. दहा-पंधरा मिनिटांत खाडी ओलांडली की समोर माड, गावठाणातले क्रूस आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. घरापासून धड दोन तासही नाहीत, आणि सगळी गोची तिथेच आहे. गोव्याला जायचं तर आपण आठवडाभर याद्या करतो. मनोरीला मात्र ‘इथेच तर आहे’ म्हणत पर्समध्ये टूथब्रश टाकून निघतो. मागच्या वर्षी मी आणि माझी ठाण्याची मैत्रीण अशाच निघालो. वाळूत पाय पसरून पाच मिनिटं झाली नसतील, तोच घरून फोन: साबुदाणा कुठल्या डब्यात आहे? तासाभराने दुसरा: सिलिंडर संपलाय, नवीन कसा लावायचा? तिसरा आला तेव्हा मैत्रीणच म्हणाली, “अगं, जाऊन ये ना, जवळच तर आहे.” आणि मी खरंच संध्याकाळच्या बोटीने परत गेले. राहिलेल्या खोलीचे पैसे दोघींनी निम्मे निम्मे भरले. यंदाची तयारी म्हणून जरा जास्तच कडक आहे.

पहिलं काम कालनिर्णय उघडायचं. शनिवार-रविवार कुठला, हे सुट्टीवर नाही, तिथीवर ठरवायचं. भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल ती वेळ पूर्ण भरतीची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुपारी तीच, पहाटे-रात्री साधारण तीच. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण सहल ठरवायला एवढं पुरतं. आम्हाला संध्याकाळी लांबवर चालायचं असतं, म्हणून पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरलाय. साडेपाचच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं असेल, उधाणाचे दिवस म्हणजे ओहोटीही मोठी, आणि परतताना चांदणं. ज्यांना किनाऱ्यावर बसून पायाशी पाणी हवंय त्यांनी अष्टमी बघावी. भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतलं, पाणी फार उड्या मारत नाही, आणि तिन्हीसांजेला भरती असते. आमच्या शनिवाराचा तोटा एकच: ओहोटीला जेटीच्या उतारावर शेवाळ उघडं पडतं. तिथे चाकांची बॅग म्हणजे आपणच आपल्याला पाडायची सोय. पाठीवरची सॅक घ्यायची आणि पायात पट्ट्याचे सँडल.

महिना दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा कुठलाही चालतो. पावसाळ्यात जायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. म्हणजे मनोरीत जाऊन बर्फातलं पापलेट खायची वेळ यायची. शिवाय वारा सुटला की फेरीबोट थांबते, आणि मग भाईंदर-उत्तनवरून रस्त्याने लांबचा वळसा. तो रस्ताही माहीत असावा, दुसऱ्या कशासाठी नाही, रात्री दुखलं-खुपलं तर.

खोली ठरवताना फोटोंवर जाऊ नये. फोन करून केअरटेकरशीच बोलावं. मालकाला सगळं छानच वाटतं. मी विचारते ते असं: गरम पाणी किती वाजता येतं? वीज गेली तर काय? मच्छरदाणी आहे की नुसती जाळी? पलंग दोन वेगळे आहेत का? (हा प्रश्न मैत्रिणीचा. मी घोरत नाही असं माझं मत आहे.) आणि सगळ्यात महत्त्वाचा: शेजारच्या बंगल्यात त्या शनिवारी पार्टी आहे का? मनोरीतली शांतता खरी आहे, पण ती एका स्पीकरएवढीच टिकते. केअरटेकर या प्रश्नावर अडखळला तर दुसरी जागा बघा. ओळखपत्र मागतात, तेव्हा आधारची मूळ प्रत हातात ठेवून झेरॉक्स द्यायची ती शेवटचे चारच आकडे दिसणाऱ्या आधारची.

जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण मासळी माणसं मोजून आणतात. आमच्यात अडचण अशी की मैत्रीण शनिवार पाळते. त्यामुळे शनिवारी वालाची भाजी, भात, कैरी मिळाली तर कैरी. आणि रविवारी दुपारी सगळी भरपाई. इथली जुनी वस्ती कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. नाव इंग्रजी, पण घरात बोलतात मराठीच, त्यांच्या ढंगाची. गोव्या-मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांपासून वेगळी ओळख म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हे नाव त्यांनी घेतलं. त्यांचा बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो बाटली मसाला. कुणाच्या घरी विकत मिळाला तर घ्यायचा, म्हणून सॅकमध्ये एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड आताच टाकून ठेवलेत. मागच्या वेळी तो कागदात आणला आणि माझ्या ओढणीला महिनाभर वास होता. फुगेही, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले पावाचे गोळे, आधी सांगून ठेवावेत. गरम असतानाच खायचे, पिशवीत भरून घरी न्यायची चीज नाही ती.

आता घर. खरी तयारी हीच, आणि यात मी पूर्ण एक संध्याकाळ घालवते. फ्रिजवर कागद चिकटवायचा: साबुदाणा निळ्या झाकणाच्या डब्यात, खालून दुसरा कप्पा. दूध रात्री तापवून विरजण कोमट असताना लावायचं, चमचाभरच. सिलिंडर गुरुवारीच बघून ठेवला, भरलेला लावला, आणि रेग्युलेटर कसा बसवायचा ते लेकाला हाताने करून दाखवलं. नुसतं सांगून उपयोग नसतो, त्याला त्याच्या हाताने ‘टक’ असा आवाज ऐकू द्यावा लागतो. सासूबाईंच्या गोळ्या दोन दिवसांच्या वेगळ्या पुड्यांत, वर सकाळ-रात्र लिहून. पोळ्यांच्या मावशींना शनिवारी जास्तीच्या आठ सांगितल्या. आईंना मी स्पष्टच सांगितलं, “आई, रात्री नऊला मीच फोन करेन. मध्ये लागलं तर आधी ह्यांना विचारा.” त्या म्हणाल्या, “त्याला काय माहीत असतं?” माहीत नसतं, कबूल. पण दोन दिवसांत साबुदाणा सापडेल.

सॅकमध्ये फार काही नाही. सुती कपड्यांचे दोन जोड, एक समुद्रात भिजून वाया गेला तरी चालेल असा. डास खारफुटीतले आहेत, सूर्य मावळला की थव्याने येतात. ओडोमॉस आणि पूर्ण बाह्यांचा कुडता हवाच. टॉर्च, कारण गल्ल्यांत दिव्यांपेक्षा कुत्री जास्त. रक्तदाबाच्या गोळ्या, ओआरएसची दोन पाकिटं, पातळ चादर. सुटे पैसे वेगळ्या पाकिटात: बोटीला, रिक्षाला, शहाळ्याला. जेटीवर उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट किती वाजता ते विचारून हातावर लिहायचं. पुस्तक एकच. एकदा तीन नेली होती, एकही उघडलं नाही.

पोहायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवून टाकलंय. पलीकडच्या मार्वे-अक्सा पट्ट्यात लोक बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. गुडघ्याइतकं पाणी पुरे, आणि ओहोटी लागली की तेवढंही नाही.

मैत्रिणीशी एक बोलणं मात्र निघण्याआधी करून घ्यावं. ती सकाळी दहापर्यंत झोपते, मी सहाला उठते. फार मागे एकदा मी तिला सूर्योदयाला ओढत नेलं आणि ती दुपारपर्यंत घुम्यासारखी होती (मनोरीचा समुद्र पश्चिमेला, सूर्य आमच्या पाठीमागे उगवला, तेही तिने ऐकवलं). यंदा करार असा: प्रत्येकीची एक गोष्ट ठरलेली. माझी, रविवारी सकाळी एकटीने शेजारच्या गोराईच्या विपश्यना पॅगोड्याला जाऊन येणं. २००९ साली उघडलेला तो घुमट, आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं बसतील एवढी जागा. बाहेर उभं राहूनही आवाज आपोआप खाली येतो. तिची, दोन दिवस कुणीही तिला “जेवायला काय करायचं?” असं विचारायचं नाही. मी पण नाही. खर्च एकीने करायचा, हिशेब परतीच्या बोटीत.

आणि सोमवारसाठी एक: वाळूचे कपडे तसेच मशीनमध्ये टाकू नका. गच्चीवर झटका, बादलीत दोनदा खळबळा, मग मशीन. मागच्या वर्षी मेकॅनिकने ड्रममधून काढलेली वाळू माझ्या हातावर ठेवली होती, मूठभर.