सुपर मारिओ ब्रदर्स ३ : पत्त्यांच्या जोड्या जुळवताना या चुका टाळा

१९८८ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या या व्हिडिओ गेममध्ये मधूनच नकाशावर इस्पिकचं एक चिन्ह उगवतं, त्यावर 'एन' लिहिलेलं असतं. आत गेलं की ३ ओळींत १८ पालथे पत्ते; दोन-दोन उघडून सारख्या चित्रांच्या जोड्या लावायच्या. दोन जोड्या चुकल्या की बाहेर. बहुतेक जण इथे स्मरणशक्ती पणाला लावतात आणि पहिली चूक तिथेच करतात.

कारण हे पत्ते खऱ्या अर्थाने पिसलेलेच नसतात. मांडणी आधीच ठरलेल्या ८ आराखड्यांपैकी एक असते. हे आराखडे कागदावर उतरवून शेजारी ठेवा. पत्ता उघडला की त्याच्याशी न जुळणारे आराखडे खोडत जा. दोन-चार पत्त्यांत यादी आखडते आणि मग उरतं ते फक्त कागदावर बघून पत्ते उघडणं. ही फसवणूक वाटत असेल तर कागद बाजूला ठेवा, पण मग पुढची चूक तरी करू नका.

एखाद्या पत्त्यावर आधी दिसलेला तारा आठवतो म्हणून अनेक जण तोच आधी उघडतात आणि मग जोडीसाठी अंदाजाने दुसरा पत्ता उचलतात. चुकलं तर हाती एकाच नव्या पत्त्याची माहिती येते. उलट करा. अनोळखी पत्ता आधी उघडा. तो तारा निघाला तर जोडी पक्की, नाही निघाला तर दुसराही अनोळखीच उघडा. चूक एकच मोजली जाते, माहिती मात्र दोन पत्त्यांची मिळते.

मशरूमची जोडी लागली म्हणजे मशरूम संपले, असंही समजू नका. चित्रं सहाच आहेत : मशरूम, फूल, तारा, एक जादा जीव, १० नाणी आणि २० नाणी. जोड्या मात्र ९, म्हणजे काही चित्रं पुन्हा येणारच.

दोनदा चुकून बाहेर पडलात तर हळहळू नका. पुढच्या वेळी तोच डाव, लागलेल्या जोड्या वगळून, समोर येतो. म्हणून बाहेर पडताच पाहिलेले पत्ते टिपून ठेवा. पुढच्या वेळेपर्यंत बरीच लढाई झालेली असते आणि काही आठवत नाही.

'हे चिन्ह मला दिसतच नाही' असं होत असेल तर गुण बघा. ते दर ८०,००० गुणांमागे येतं, त्यामुळे शत्रूंना वळसा घालून धावत सुटणाऱ्यांच्या वाट्याला कमी येतं. नुसत्या इस्पिकाच्या, 'एन' नसलेल्या घराशी त्याची गल्लतही होते. तिथे चित्राचे तीन तुकडे जुळवून जादा जीव मिळवायचे असतात. तो खेळच वेगळा.

आणि डाव अर्धा असताना जुनं गेमचं मशीन बंद करू नका. मूळ गेमच्या कार्ट्रिजमध्ये सेव्हची सोय नाही.