आर्डुइनो ऊनोला दुसरा सिरियल पोर्ट हवाय? ० आणि १ सोडा, १० आणि ११ घ्या

ऊनोवर (आर३, आर्डुइनोचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) जीपीएस लावायला गेलं की पहिला घोळ इथेच होतो, बोर्डावर खरा सिरियल पोर्ट (एकेक बिट करून डेटा द्यायची-घ्यायची वाट) एकच, पिन ० आणि १, आणि त्याच दोन पिनांवर यूएसबीची चिपपण बसलेली. मी इंदूरच्या जेल रोडवरून नीओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल आणलं, सरळ पिन ० मध्ये खोचलं, अपलोड दिलं तर 'नॉट इन सिंक' अशी एरर. वाटलं बोर्डच गेला, अर्धी रात्र केबली बदलत बसलो आणि शेवटी जीपीएसची वायर उपटली तर स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) गुमान चढलं!

तर ० आणि १ ला हातच लावू नका. सॉफ्टवेअरसिरियल लायब्ररी आर्डुइनो आयडीईबरोबरच (स्केच लिहायचं सॉफ्टवेअर) येते, ती इनक्लूड करा, पोर्टला काहीही नाव द्या आणि कंसात १०, ११ लिहा. पहिला आकडा ऐकायची पिन, दुसरा बोलायची. म्हणजे मॉड्यूलचा टीएक्स (त्याची बोलायची पिन) १० वर. टीएक्सला टीएक्स जोडलात तर दोघंही बोलत सुटतात, ऐकत कोणीच नाही. ग्राउंड मात्र दोघांचं एक हवं.

नुसतं वाचायचं असेल तर ११ जोडूच नका. जोडायचीच असेल तर ऊनो देतो ५ व्होल्ट आणि मॉड्यूलचा आरएक्स (ऐकायची पिन) ३.३ व्होल्टवाला, म्हणून ११ पासून १ के रेझिस्टर आरएक्सपर्यंत आणि आरएक्सपासून २ के ग्राउंडला. उलटीकडे काही लागत नाही, ३.३ ला ऊनो 'हाय'च (म्हणजे १) समजतो.

स्केचच्या सेटअपमध्ये वेग (बॉड, म्हणजे सेकंदाला किती बिट) द्या, जीपीएस ९६०० वर, आयडीईतला सिरियल मॉनिटर ११५२०० वर, आणि लूपमध्ये जीपीएसकडून आलेलं मॉनिटरकडे राइट करायचं, बस. सॉफ्टवेअरवाला पोर्ट ११५२०० वर पळवू नका, अक्षरांचा पार चिवडा होतो. आणि असे दोन पोर्ट केलेत तरी एका वेळी ऐकणारा एकच, त्यापेक्षा आर्डुइनो मेगा बोर्ड घ्या, त्यात चार खरे पोर्ट आहेत.

आता गच्चीवर जा, घरात फिक्स (उपग्रहांवरून जागा पक्की होणं) मिळायची मारामार. मॉनिटरवर जीपीआरएमसी नावाने सुरू होणाऱ्या ओळीत 'व्ही'चा 'ए' झाला की लोकेशन आलं. इंदूरला २२४३ आणि ०७५५१ ने सुरू होणारे आकडे दिसतील, ते २२ अंश ४३ मिनिटं आणि ७५ अंश ५१ मिनिटं. पॉइंटनंतरच्या आकड्यांसकट मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवा. मी सरळ २२.४३, ७५.५१ मॅपवर टाकलं आणि आमचं घर महूच्याही पलीकडे डोंगरात गेलं.