स्टेशनला जायला किती वेळ हाताशी ठेवावा?

कोल्हापुरात फुलेवाडीहून रेल्वे स्टेशनला 'वीसेक मिनिटं लागतात', हे उत्तर महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायला निघालेल्याच्या उपयोगाचं नाही. वीस मिनिटं ही सरासरी झाली. गाडी चुकू नये म्हणून हवी ती अशी वेळ, जिच्यात वीसपैकी एकोणीस वेळा आपण पोहोचतोच. ती काढायला वही आणि घड्याळ पुरतं.

आधी मार्ग, वाहन आणि निघण्याची वेळ ठरवा. मार्ग समजा असा: रंकाळा स्टँड, गंगावेश, सीपीआर रुग्णालय, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर. संध्याकाळी जाणार असाल तर दुपारच्या नोंदी कामाच्या नाहीत. घड्याळ घराच्या दारापासून प्लॅटफॉर्मपर्यंत चालू द्या, पार्किंगसह.

अशा वीस नोंदी झाल्या की त्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. एकोणिसावी नोंद हीच आपली भरवशाची वेळ. समजा सरासरी 20 मिनिटं आणि एकोणिसावी नोंद 29 आली, तर हाताशी 9 मिनिटं जास्त हवीत, म्हणजे सरासरीच्या 45 टक्के. हा टक्का जितका मोठा, तितका रस्ता बेभरवशाचा. दोन मार्गांतून निवडताना मी सरासरीपेक्षा एकोणिसावी नोंदच बघेन.

खूप उशीर झालेला दिवस 'अपवाद' म्हणून खोडू नका. रस्ता भरत आला की मागे रांग साचते, एक हिरवा सिग्नल हुकला की पुढचा येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मिनिटं एकदम वाढतात. आपण शोधतोय ते नेमकं हेच. नवरात्रातली अंबाबाईची गर्दी किंवा रविवारचा लक्ष्मीपुरीचा बाजार यांच्या नोंदी मात्र वेगळ्या पानावर ठेवा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागली, तर वही मिटा आणि कुठले रस्ते बंद आहेत ते आधी विचारा.

एक चूक हमखास होते. गंगावेशपर्यंतची वाईट वेळ, तिथून दसरा चौकापर्यंतची वाईट वेळ, अशा सगळ्या तुकड्यांच्या वाईट वेळांची बेरीज केली जाते. सगळे चौक एकाच दिवशी तितकेच तुंबणं विरळा, म्हणून ही बेरीज सहसा फुगते. पूर्ण प्रवासच मोजा. तुकड्यांच्या नोंदी वेळ नेमका कुठे जातो ते शोधायला वापरा.

नोंदी जमेपर्यंत गुगल मॅप्सवर निघण्याची वेळ टाका. तिथे '18 ते 35 मिनिटं' असा पट्टा दिसला, तर 35 धरून निघा.