पंधरा ऑगस्टला पोरांना ओढून आणावं लागतं? मराठवाड्यातल्या शाळांनी यंदा असं करून बघा

दरवर्षी तेच होतं. सकाळी प्रभातफेरी, मग झेंडा, नववी-दहावीची निम्मी पोरं गायब, जी आलीत ती मागच्या रांगेत पायानं माती उकरत उभी आणि पाहुण्यांचं भाषण संपता संपत नाही. मी तालुक्याच्या गावात हायस्कूलला इतिहास शिकवतो, बरीच वर्षं मी पण पोरांनाच दोष द्यायचो की यांना देशाचं काही पडलेलंच नाही. मग एकदा नववीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, त्या दिवशी आपल्या गावात झेंडा कुठं लावला होता?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालोच नव्हतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे तेव्हाचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तिरंगा लावला की अटक, आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना तर त्याच दिवशी पकडलं. आपल्याकडं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे 13 महिने उशिरा. हे सांगितलं आणि आख्खा वर्ग गप्प झाला. तेव्हापासून आम्ही १५ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर हा एकच कार्यक्रम धरतो. कसं करतो ते सांगतो.

सुरुवात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करा, ऑगस्ट उजाडल्यावर काही होत नाही. पाच-पाच पोरांचे गट पाडा, प्रत्येक गटाला एक गल्ली किंवा एक वस्ती द्या, काम एकच, 85 च्या पुढचं माणूस शोधायचं. जास्त नाहीत आता, आमच्या गावात पहिल्या वर्षी नऊ सापडले होते, यंदा चार उरलेत, म्हणून म्हणतो पुढच्या वर्षावर ढकलू नका. घरच्यांना आधी विचारायचं, आजी-आजोबांना दम लागत असेल तर दहा मिनिटांत उठायचं, रेकॉर्डिंग करायचं तर परवानगी घेऊनच.

प्रश्न कसे विचारायचे ते पोरांना नीट शिकवा, सगळी गंमत तिथंच आहे. "स्वातंत्र्यलढ्याबद्दल सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं म्हणतात मला काही ठाऊक नाही बाबा. त्याऐवजी विचारा, शाळेत कुठली भाषा होती, बाजारात कुठला पैसा चालायचा (हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन, हा शब्द हमखास येतो), गावात रझाकार (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या) आले तेव्हा तुम्ही कुठं होता, पोलीस ॲक्शन (निजामाची राजवट संपवणारी भारतीय लष्कराची सप्टेंबर १९४८ ची कारवाई) झाली हे तुम्हाला कसं कळलं. आमच्या गटातल्या पोरांना एका आजीनं सांगितलं की त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, आईनं घरातली पितळी भांडी परसात पुरली आणि सगळ्यांना घेऊन ज्वारीच्या फडात जाऊन बसली, दोन रात्री, पाऊस सुरू, धाकट्या भावानं रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा धरलेला. हे सांगताना आजी हाताच्या दोन बोटांनी तो खडा धरून दाखवत होत्या. जो पोरगा झेंडावंदनाला कधी यायचाच नाही तो ते रेकॉर्डिंग घेऊन दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच स्टाफरूमच्या दारात उभा.

एक गोष्ट मात्र फार जपा. ही लढाई निजामाच्या राजवटीशी आणि कासीम रझवीच्या रझाकारांशी होती, शेजारच्या मुसलमान घराशी नव्हती, आणि हे शिक्षकानं वर्गात स्पष्ट बोलायला पाहिजे. शोएबुल्ला खान या पत्रकाराची गोष्ट सांगाच, हैदराबाद भारतात यावं असं लिहीत होता म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला मारलं. पोलीस ॲक्शननंतर बऱ्याच निरपराध मुसलमान घरांनीही सोसलंय, म्हणून गटात सगळ्या समाजाची पोरं घ्या आणि सगळ्या वस्त्यांत पाठवा.

आता खुद्द १५ ऑगस्ट. भाषणं दोनच ठेवा, पाहुण्यांना आदल्या दिवशीच नम्रपणे सांगा की पाच मिनिटं, ऐकतात, राग येत नाही. झेंड्याचं काम नववीच्या पोरांकडं द्या, शिपाई मामांनी फक्त शिकवायचं. आठवडाभर आधी कप्पीला तेल घाला, पावसानं दोरी फुगते आणि अडकते म्हणून आदल्या रात्री दोरी कोरड्यात ठेवा, गाठ वीस वेळा मारून-सोडून बघा, केशरी वर आहे ना हे दोघांनी तपासा. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला वर बांधलेलाच उलगडतात, हा फरक पोरं हातानं केल्यावर विसरत नाहीत. आणि शक्य असेल तर झेंडा नांदेडच्या खादीचा घ्या, कापड उदगीरला तयार होतं, आपल्याच भागातल्या बायाबापड्यांच्या हातचं.

झेंड्यानंतर पोरांना खाली बसवा, उन्हात उभं ठेवू नका. मग दोन-तीन गटांनी जे ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, पाठांतर नको, अडखळले तरी चालतं. ज्या आजी-आजोबांना येणं जमतं त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवा. बाकी नाच-गाणी, खाऊ वगैरे तुमचं जसं चालतं तसं चालू द्या.

पुढचा महिना हुतात्मा स्मारकासाठी. गावात असेल तर बहुतेक कुलूप असतं, किल्ली नगरपालिकेत किंवा तहसीलला विचारा, अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीचा लागतो. पोरांनी झाडून काढायचं आणि तिथली नावं वहीत उतरवायची, त्यातलं कुठलं घर अजून गावात आहे ते शोधायचं. आमच्याकडं एक नाव निघालं ते सातवीतल्या पोराच्या पणजोबांच्या सख्ख्या भावाचं, आणि त्याच्या घरी फोटो होता पण का लावलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

१७ सप्टेंबरला झेंडावंदन असतंच, तेव्हा ती नावं पोरांनी मोठ्यानं वाचायची, त्या सातवीतल्या पोरानं पणजोबांच्या भावाचं नाव स्वतः वाचलं. सगळ्या गटांच्या वह्या एकत्र शिवून लायब्ररीत ठेवा, वर वर्ष आणि गल्ल्यांची नावं टाका, रेकॉर्डिंग दोन पेनड्राइव्हवर घ्या कारण एक हमखास हरवतो. पुढच्या जुलैत नवीन नववीला पहिल्या तासाला तीच वही हातात द्यायची.