लहान ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम कसा निवडावा आणि कसा सुरू करावा

मोठ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे एखादे पात्र बनून इतरांसोबत खेळायच्या गेमची, नावे वेगवेगळी असली, तरी त्यांची वाट बहुधा एकच असते: शत्रू मारायचे, लेव्हल वाढवायची, अधिक चांगली शस्त्रे मिळवायची आणि पुन्हा शत्रूंकडे वळायचे. या चक्राचा कंटाळा आलेल्याने लहान, म्हणजे थोडे खेळाडू असलेला, गेम निवडताना त्यातील चित्रे किती देखणी आहेत यापेक्षा, त्याने या वाटेतले नेमके काय गाळले आहे आणि त्या जागी खेळाडूंना एकमेकांसोबत काय करायला लावले आहे, हे आधी पाहावे.

लढाईच नको असेल, तर 2003 साली सुरू झालेला ‘अ टेल इन द डेझर्ट’ हा माझ्या मते सर्वांत आधी पाहण्याजोगा गेम आहे. प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर येथे गवत वाळवून पेंढा करायचा, तो चिखलात आणि वाळूत मिसळून विटा पाडायच्या, जवस पिकवायचा आणि हळूहळू इतरांच्या मदतीने एकट्याच्या आवाक्याबाहेरची बांधकामे उभी करायची असतात. खेळाडू स्वतः कायद्याचा प्रस्ताव मांडतात, त्यासाठी सह्या गोळा करतात, मग मतदान होते आणि मंजूर झालेला कायदा गेमच्या नियमांत उतरू शकतो; इतकेच नव्हे, तर निवडून आलेल्या खेळाडूला इतरांपैकी मोजक्या जणांना कायमचे हद्दपार करण्याचा अधिकारही मिळतो. म्हणून येथे पहिल्याच दिवशी एखाद्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, सामील व्हावे. प्रत्येक पर्व संपल्यावर जग नव्याने सुरू होत असल्याने, शक्य असल्यास पर्वाच्या आरंभी प्रवेश करणे अधिक आनंददायक ठरते.

जेसन रोहरर यांच्या 2018 सालच्या ‘वन अवर वन लाइफ’मध्ये दीर्घ प्रगतीच गाळलेली आहे. तुम्ही दुसऱ्या एखाद्या खेळाडूच्या पोटी बाळ म्हणून जन्म घेता, प्रत्येक मिनिटाला एक वर्ष सरते आणि साठ मिनिटांत आयुष्य संपते. तान्ह्या बाळाला एका वेळी एकच अक्षर लिहिता येत असल्याने, भूक लागली की अन्नासाठीच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर ‘एफ’ लिहावे; आईला ते कळते. पहिल्या काही जन्मांत शोध लावण्याच्या मागे न लागता, आईला काम विचारून तेवढेच नीट करावे, कारण तुम्ही लावलेले शेत किंवा घडवलेले अवजार तुमच्यानंतर तुमची नातवंडे वापरतात, आणि ही जाणीव मला इतर कोणत्याही गेमने दिलेली नाही.

2009 सालच्या ‘हेवन अँड हार्थ’बाबत मात्र सावध राहावे. येथे पात्र मेले की कायमचे मरते आणि इतर खेळाडू चोरीही करू शकतात, परंतु गुन्हेगार मागे आपला माग सोडतो आणि त्यावरून त्याचा पाठलाग करता येतो. एकट्याने दूर जंगलात घर बांधण्याचा मोह आवरून, कुंपण घातलेल्या एखाद्या गावात आश्रय मिळवणे अधिक शहाणपणाचे आहे.

जमीन खणून, सपाट करून प्रदेशाचे रूपच बदलायचे असेल, तर ‘वर्म ऑनलाइन’ घ्यावा; त्यासाठी चिकाटी लागते. ‘पझल पायरेट्स’मध्ये जहाजावरचे प्रत्येक काम, अगदी तळाशी साचलेले पाणी उपसणेही, एक कोडे असते. 2005 सालच्या ‘द एंडलेस फॉरेस्ट’मध्ये सर्व खेळाडू हरणे असून त्यांना शब्दांत बोलताच येत नाही, केवळ हावभाव करता येतात. केवळ मजकुरावर चालणारे बहुखेळाडू गेम याहूनही जुने आहेत: त्यांची परंपरा 1978 साली एसेक्स विद्यापीठात सुरू झाली आणि 1997 पासून चालू असलेला ‘अकेया’ तिचाच वारसा सांगतो. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या दृष्टिहीन खेळाडूंसाठी हा प्रकार विशेष सोयीचा आहे.

कोणताही गेम निवडला, तरी आधी सर्व्हर चालू आहे का आणि शेवटचा बदल केव्हा झाला, हे गेमच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे आणि गेम तेथूनच डाउनलोड करावा. पासवर्ड इतरत्र वापरलेला नसावा. त्यानंतर तीन-चार वेगवेगळ्या वेळी लॉगिन करून, आपल्या मोकळ्या वेळेत तेथे खरोखर किती माणसे असतात, हे तपासावे, कारण लहान गेममधील खेळाडू एखाद्याच टाइमझोनमध्ये एकवटलेले असू शकतात. पैसे भरण्याची घाई करू नये. वर्षाची वर्गणी तर चॅटमध्ये विचारलेल्या प्रश्नांना कोणी आपुलकीने उत्तर देते असा अनुभव आल्यावरच भरावी.